सैनिकाचे मन आणि घोड्याची संगत

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एक माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नी आल्या. सुभेदार माझे जुने पेशंट. रक्तदाब, गुडघेदुखी आणि झोप न लागणे या त्यांच्या नेहमीच्या तक्रारी. पण त्या दिवशी बोलल्या त्या वहिनी. पुण्याच्या भाच्याने मोबाईलवर पाठवलेली एक चित्रफीत त्यांनी माझ्यापुढे धरली. अमेरिकेतले चार-पाच माजी सैनिक एका पागेत घोड्यांना खरारा करीत होते आणि त्यातला एक धिप्पाड गडी घोड्याच्या मानेवर डोके टेकून रडत होता.

"डॉक्टर, हे खरं असतं का? घोड्याजवळ उभं राहून माणसाचं डोकं शांत होतं?" वहिनींनी विचारले. सुभेदार खिडकीबाहेर पाहत होते.

मी म्हटले, "वाचून सांगतो." आजचा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर. वहिनींचे नाव-गाव मी सांगणार नाही. पण आपला सातारा जिल्हा सैनिकांचा आहे. पहिल्या महायुद्धात ज्या गावचे ४६ जवान कामी आले ते अपशिंगे मिलिटरी आपल्याच जिल्ह्यातले. घरटी एक माणूस फौजेत अशी गावे आपल्याकडे आहेत. तेव्हा हा प्रश्न एका घरापुरता नाही, हे मी गृहीत धरतो.

हा आजार कोणता?

घोड्याकडे वळण्याआधी दुखणे समजून घेऊ. युद्ध, स्फोट, हिमस्खलन, डोळ्यांदेखत साथीदाराचा मृत्यू असा जबर प्रसंग माणसाने पाहिला, तर त्याचे मन काही दिवस हादरलेले राहते. हे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे मन हळूहळू सावरते. पण काहींचे सावरत नाही. महिना उलटून गेला, वर्षे उलटली, तरी मन त्या प्रसंगातून बाहेर पडत नाही. याला 'आघातोत्तर ताणविकृती' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर मंडळी 'पीटीएसडी' म्हणतात.

पहिल्या महायुद्धात खंदकातून परतलेल्या सैनिकांत हा प्रकार दिसला, तेव्हा त्याला 'शेल शॉक' म्हणत. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात प्रथम वापरला. त्या काळी अशा सैनिकांना भित्रे ठरवले जाई. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आजच्या नावाने या आजाराची अधिकृत नोंद केली. म्हणजे दुखणे जुनेच, मान्यता मात्र अलीकडची.

त्याची लक्षणे चार प्रकारची असतात.

एक : प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येतो. स्वप्ने पडतात, रात्री ओरडून जाग येते. दिवाळीच्या फटाक्याने माणूस एकदम खाली वाकतो.

दोन : टाळाटाळ. त्या विषयावर बोलायचे नाही, जुन्या साथीदारांना भेटायचे नाही, गर्दीत, लग्नाकार्यात जायचे नाही.

तीन : मन बधिर होते. नातवंडाचे कौतुक वाटत नाही. 'तो गेला, मी का वाचलो?' हा अपराधी भाव मनात घर करतो.

चार : सतत पहारा. पाठ भिंतीला लावूनच बसायचे, दाराकडे नजर, क्षुल्लक कारणावरून संताप, झोप नाही.

आता वाचकांनी आपल्या भावकीतला एखादा 'तापट' किंवा 'माणूसघाणा' म्हणून प्रसिद्ध असलेला माजी सैनिक आठवून पाहावा. तो स्वभावाने तसा आहे, की फौजेतून परतल्यावर तसा झाला? घरच्यांना हे बरोबर ठाऊक असते.

घोड्याचा यात काय संबंध?

घोडा आणि उपचार यांची गाठ तशी जुनी आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या घोडेस्वार बाईंना पोलिओ झाला आणि त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले. त्यानंतर युरोप-अमेरिकेत अपंगांसाठी घोडेस्वारीचे वर्ग वाढू लागले. अमेरिकेत १९६९ मध्ये अशा केंद्रांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

पुढे इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांतून जखमी सैनिक परत येऊ लागले. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन येथे सैनिकांची मोठी दफनभूमी आहे. तेथे लष्करी इतमामाने शवपेटी वाहून नेणारे लष्कराचे घोडे असतात. २००६ मध्ये या पथकाच्या घोड्यांवर जखमी सैनिकांसाठी स्वारीचा उपक्रम सुरू झाला. मृत सैनिकांना निरोप देणारी जनावरे जिवंत सैनिकांना पुन्हा उभे करण्याच्या कामी आली.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. स्वारीचा उपचार वेगळा आणि आज आपण ज्याविषयी बोलतो आहोत तो वेगळा. घोडा चालताना स्वाराच्या कमरेला जी हालचाल मिळते, ती माणसाच्या चालण्याशी मिळतीजुळती असते. म्हणून सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना व्यायामोपचार म्हणून घोड्यावर बसवतात. तो शरीराचा उपचार. मनाच्या उपचारात मात्र बहुधा घोड्यावर बसायचेच नसते. जमिनीवर उभे राहून घोड्याशी ओळख करून घ्यायची असते.

नेमके काय करतात?

पहिल्या दिवशी फक्त पाहायचे. घोडा कान कुठे वळवतो, मान कधी खाली घालतो, दुसऱ्या घोड्याजवळ कसा उभा राहतो. मग जवळ जायचे. समोरून किंवा पाठीमागून नव्हे, तर खांद्याच्या बाजूने, हळू आवाजात बोलत. कारण घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त नाकासमोरचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही. मग मानेला हात लावायचा, खरारा करायचा. पुढच्या बैठकांत मोरखीला दोरी लावून त्याला चालवायचे, थांबवायचे, वळवायचे. शेवटी तर दोरीशिवाय तो आपल्यामागे येतो का ते पाहायचे.

सोबत दोन जाणकार असतात. एक घोड्याचा आणि एक मनाचा. हे दुसरे माणूस, म्हणजे मानसोपचारक, महत्त्वाचे. "तुम्ही जवळ गेलात आणि घोडा मागे सरला. त्या वेळी तुमच्या मनात काय चालले होते?" असे ते विचारतात. घोड्यावरून सुरू झालेले बोलणे हळूहळू माणसावर येते.

याचा उपयोग का होत असावा?

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. वाघ-लांडग्यांच्या भीतीने हजारो वर्षे जगलेला. आजूबाजूला जरा काही बदलले की त्याचे कान टवकारतात. म्हणजे सैनिकाचा सततचा पहारा घोड्याला उपजतच ठाऊक असतो. फरक इतकाच, की धोका टळला की घोडा मान खाली घालून पुन्हा चरू लागतो. सैनिकाच्या मनाला नेमके हेच जमत नसते.

दुसरे असे, की माणसाचे ताठलेले खांदे, घट्ट मूठ, उथळ श्वास या गोष्टी घोडा चटकन टिपतो. मनात राग धरून गेलात तर तो दूर सरतो. श्वास सावकाश सोडलात, हात सैल सोडलेत, तर तो जवळ येऊ देतो. पाचशे किलोच्या जनावराला हुकूम देऊन चालत नाही, तिथे आपल्यालाच शांत व्हावे लागते. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीरशास्त्र आहे. मी पेशंटला खुर्चीत बसवून सांगितले तर तो "हो हो" म्हणून निघून जातो. घोडा तेच त्याच्याकडून करवून घेतो आणि जमले की नाही ते तिथल्या तिथे कळवतो.

तिसरे कारण मला सर्वात मोलाचे वाटते. घोडा प्रश्न विचारत नाही. "काय झालं होतं तिथं? किती माणसं मेली?" असे काही नाही. ज्या माणसाला बोलणेच नको असते, त्याला बोलल्याशिवाय कुणाच्या तरी सहवासात उभे राहता येते. आणि दर आठवड्याला पागेत जायचे म्हणजे घराबाहेर पडणे आले, चार समदुःखी माणसे भेटणे आले. टाळाटाळीची गाठ तिथे सैल होते.

पुरावा काय?

आता डॉक्टर म्हणून विचारायचा प्रश्न. एखाद्या चित्रफितीत एक गडी रडला, एवढ्यावर उपचार ठरत नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी यावर व्यवस्थित अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पीटीएसडी असलेले ६३ माजी सैनिक त्यांनी घेतले, २३ स्त्रिया आणि ४० पुरुष. दर आठवड्याला दीड तासाची एक, अशा आठ बैठका. स्वारी नाही. आजाराची तीव्रता मोजण्याचे ८० गुणांचे एक प्रमाण आहे. गुण जास्त तेवढा त्रास जास्त. सुरुवातीला या सैनिकांचे सरासरी गुण ३८.६ होते, उपचार संपल्यावर ते २६.९ झाले. निम्म्याहून किंचित अधिक सैनिकांत लक्षणीय सुधारणा दिसली आणि तीन महिन्यांनंतरही ती टिकली. मध्येच उपचार सोडून गेले फक्त पाच जण. मानसोपचार अर्धवट सोडणारे माजी सैनिक बरेच असतात, हे पाहता पाच हा आकडा फार बोलका आहे.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सुधारणा घोड्यामुळे झाली, गटामुळे झाली, की दर आठवड्याला कुणीतरी आस्थेने विचारपूस केली म्हणून झाली, हे त्यावरून ठरवता येत नाही. आणि निम्म्यांना तेवढा फरक पडला नाही, हेही खरे. अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण खात्यांनी २०२३ मध्ये उपचारांची मार्गदर्शिका काढली. तीत प्राण्यांच्या साहाय्याने होणाऱ्या उपचारांबद्दल, घोडा धरून, 'बाजूने किंवा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाही' असे म्हटले आहे.

मग त्याच मार्गदर्शिकेत शिफारस कशाची आहे? प्रथम मानसोपचाराची, म्हणजे प्रशिक्षित तज्ज्ञासमोर बसून तो प्रसंग टप्प्याटप्प्याने बोलून काढणे, त्याबद्दलचे चुकीचे विचार तपासणे. औषधांत सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन. ही मनोविकारतज्ज्ञांनीच द्यायची. आणि एका गोष्टीविरुद्ध स्पष्ट इशारा आहे : बेन्झोडायझेपिन वर्गातील गोळ्या या आजारावर देऊ नयेत. या वर्गात आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या येतात.

माझी चूक

हे वाचताना माझा चेहरा उतरला, हे कबूल करतो. सुभेदारांना मी सात वर्षे यातलीच एक गोळी लिहून देत होतो. "झोप लागत नाही" म्हणाले की चिठ्ठी. बाहेर तीस पेशंट बसलेले. का झोप लागत नाही, हे मी कधी विचारलेच नाही. फौजी माणूस, रुबाबात येतो, "ठीक आहे साहेब" म्हणतो, म्हणून मीही ठीक आहे असे धरून चाललो.

पंधरा दिवसांनी ते दोघे पुन्हा आले, तेव्हा मी सारे समजावून सांगितले. आपल्या जिल्ह्यात असे घोड्यांचे केंद्र नाही, हेही सांगितले. सुभेदार पहिल्यांदा हसले. म्हणाले, "घोडा नसू द्या साहेब, खेचर चालतंय का?"

तेव्हा मला कळले, की हा माणूस फौजेत खेचरांच्या पलटणीत होता. जिथे गाडी जात नाही अशा डोंगरी चौक्यांवर दारूगोळा आणि शिधा आजही खेचरे पोहोचवतात. १९९९ च्या कारगिल युद्धातही त्यांनी ओझी वाहिली. खेचर म्हणजे घोडीच्याच पोटचे. मी त्यांना लढाईचे काही विचारले नाही. "तुमचं खेचर कसं होतं?" एवढेच विचारले.

आणि सात वर्षांत जे बोलले नव्हते ते सुभेदार बोलू लागले. खुरावरचा नंबर त्यांना पाठ होता. त्याला गूळ आवडायचा. पहाटे अंधारात ओझे लादायचे, तेव्हा ते आपण होऊन पाठ स्थिर धरायचे. "त्याच्याशी खोटं चालायचं नाही. आपण घाबरलो की ते पाय रोवून उभंच राहायचं." मग एका पहाटे वाटेवर गोळा पडला. खेचर गेले आणि पुढे दोरी धरून चाललेला साथीदारही गेला. त्या दिवशी दोरी धरायची पाळी सुभेदारांची होती. अदलाबदल केली होती.

वहिनी स्तब्ध बसून होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनीही हे प्रथमच ऐकले.

मी काही मोठा उपचार केला नाही. त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आणि माझ्या गोळीचा डोस त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करीत आणला. आता त्यांचे उपचार सुरू आहेत. स्वप्ने अजून पडतात, पण आठवड्यातून दोन-तीन रात्री सलग झोप लागते. गणपतीत ते आरतीला बाहेर येऊन उभे राहिले, दाराजवळ का होईना. एवढी प्रगती मला पुरेशी वाटते.

घोड्याच्या उपचाराचे मर्म मला इथे कळले. जनावर हे औषध नाही, ते एक दार आहे. त्या दारातून माणूस आत येतो आणि मग खरा उपचार सुरू करता येतो. नुसते दारातच उभे राहून भागत नाही.

घरच्यांसाठी चार शब्द

१. हे वाचून कुणालाही लग्नाच्या वरातीच्या घोड्याजवळ नेऊन उभे करू नका. बँड आणि फटाक्यांत उभा असलेला घोडा आणि दचकणारा माणूस हा मेळ धोक्याचा आहे. घोडा लाथ मारतो, चावतो. त्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून जखम झाल्यास धनुर्वाताचे इंजेक्शन हवे. हा उपचार प्रशिक्षित माणसे आणि निवडलेली शांत घोडी असतील तिथेच करायचा असतो.

२. घोड्याचा गुण मात्र घरी घेता येतो. खोदून विचारू नका, जवळ बसा. झोपेतून उठवताना अंगावर हात टाकू नका, लांबून नावाने हाक मारा. फटाके उडवण्यापूर्वी सांगा. गाय-म्हैस, कुत्रे यांची देखभाल त्यांना आवडत असेल तर ती त्यांच्याकडे द्या. हा उपचार नव्हे, पण दिवसाला वळण लागते.

३. दारू हा उपाय नाही. कॅन्टीनच्या बाटलीने डोळा लागतो, पण झोप मोडकी होते आणि मन अधिक खचते. झोपेची गोळी आणि दारू एकत्र तर कधीच नको.

४. झोपेच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर हा लेख वाचून एकदम बंद करू नका. त्याने झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

५. "मी जगून काय उपयोग" असे शब्द कानावर आले तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मदत कुठे मिळेल? माजी सैनिकांना ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले जाते. वाट ठाऊक नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही फोनवरची मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दिवस-रात्र केव्हाही, मराठीतही बोलता येते. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. पुढचा माजी सैनिक "झोप लागत नाही" म्हणेल, तेव्हा चिठ्ठी लिहिण्यापूर्वी पेन खाली ठेवावे. "फौजेत कुठे होतात? काय काम होते?" एवढे विचारून पाच मिनिटे गप्प बसावे. मला हे सात वर्षांपूर्वी सुचायला हवे होते.

पुढील आठवड्यात : बदलत्या हवेतील सर्दी-खोकला आणि दम्याच्या रुग्णांनी घ्यायची काळजी.